एम. सेल्वीचा निरोप

१८ जुलै, गुरुवार

मुलाखतीच्या पहिल्या फेरीत पास झाले. दुसरी फेरी तीस तारखेला, मंगळवारी साडेदहाला, मोठ्या साहेबांसमोर. तिरुप्पूरची बनियनची कंपनी, अठराशे कामगार, त्यातल्या निम्म्या पोरी ओडिशा-बिहारच्या. जागा एचआरमध्ये आहे. आमच्या सूतगिरणीत त्या खोलीला लेबर ऑफिस म्हणत. दाराबाहेर बाक, आत पंखा, पंख्याखाली मी. आता बाकाच्या जागी सोफा असतो, एवढाच फरक दिसला.

ही वही याळिनीने आणून दिली. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, मी तिची पेरिम्मा, थोरली मावशी. कोइम्बतूरच्या कुठल्याशा कंपनीचं काम घरी बसून संगणकावर करते आणि इथे अविनाशी गावी माझ्याकडेच राहते. म्हणाली, "पेरिम्मा, दिवसभर जे तोंडातल्या तोंडात बोलतेस ते यात लिही. माझ्या कानांना सुट्टी."

गिरणी बंद होऊन सात महिने झाले. मी चोपन्न वर्षांची. पेन्शनला चार वर्षं आहेत, नवरा जाऊन एकोणीस झाली. या वयात कुणी बाईला दुसऱ्यांदा बोलावतं म्हणजे त्यांना ती हवी असणार, असं याळिनी म्हणते. मला तेवढी खात्री नाही. पहिल्या फेरीतल्या मुलीने विचारलं होतं, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता? मी म्हटलं, तुम्ही खुर्ची दिलीत तर खुर्चीत, नाही तर स्वयंपाकघरात. ती हसली. बहुधा त्या हसण्यावरच पास झाले.

बहीण फोनवर म्हणाली, "आडीसारख्या अशुभ महिन्यात कुणी नवं काम धरतं का गं?" म्हटलं, भूक आडीतपण लागते.

२० जुलै, शनिवार

कंपनीचं पत्र आलं संगणकावर. याळिनीने वाचून दाखवलं. दुसऱ्या फेरीला येताना आपल्या कामातली एक खरी चूक आणि ती कशी निस्तरली ते सांगायची तयारी करून या.

"चूकच का म्हणून? सव्वीस वर्षांत बरं काही केलंच नाही का मी?"

"बरं सगळेच सांगतात गं. चूक सांगताना माणूस कसा बसतो, ते बघायचं असतं त्यांना."

मग मी एकेक काढायला लागले. एकदा पोंगलच्या सुट्टीचा कागद उलटा चिकटवला होता. एकदा शिफ्ट बदलायची विसरले तर चाळीस पोरी दोन दिवस एकाच पाळीत. याळिनी प्रत्येकाला मान हलवून नाही म्हणत होती, भाजीवाल्याकडे वांगी परत टाकावीत तशी. शेवटी सेल्वीची गोष्ट सांगितली.

वाइंडिंग खात्यात दोन सेल्वी होत्या. दोघींच्या बापाची नावं एमवरून, म्हणून हजेरीबुकात दोघी एम. सेल्वी. आमच्याकडे आडनाव नसतं, बापाच्या नावाचं पहिलं अक्षर पुढे लावायचं, झालं. नऊ वर्षांपूर्वी एकीचा बाप अत्यवस्थ झाल्याचा फोन आला. पोरींना मोबाइल ठेवायची परवानगी नव्हती, ऑफिसचा एकच फोन. मी चिठ्ठी लिहिली, रजेचा पास फाडला, आणि तो गेला भलत्याच सेल्वीच्या हातात. ती रडत रडत नत्तमला, आपल्या गावी गेली, तर बाप ओसरीवर बसून ताडी पीत होता. तो तिलाच ओरडला, मी मेलो असं कुणी सांगितलं तुला? दुसऱ्या दिवशी ती पोतंभर शेवग्याच्या शेंगा घेऊन परत आली. हॉस्टेलमध्ये आठ दिवस शेंगांचं सांबार.

याळिनी पोट धरून हसली. मग थांबली. "आणि दुसरी?"

"ती तीन दिवसांनी गेली."

"बाप?"

"गेला होता."

तिने वही ओढून तीन ओळी लिहिल्या. चूक काय, सुधारणा काय, धडा काय. धडा: नावापुढे हजेरी क्रमांक लिहिण्याची पद्धत सुरू केली. हे खरंच मी सुरू केलं होतं. "हेच सांगायचं," म्हणाली. "शेंगा मात्र नकोत."

२१ जुलै, रविवार

सराव. याळिनी खुर्चीत साहेब होऊन बसली. मी दारातून आत. "पेरिम्मा, आत येताना चप्पल काढायची नाही." सव्वीस वर्षं ऑफिसबाहेर चप्पल काढत आले, पाय ऐकेनात.

इंग्रजी मी हजेरीबुकावरून आणि पुड्यांच्या कागदांवरून शिकले. वाचायला येतं, बोलताना शब्द उंबऱ्याशी अडखळतात. कंपनीने तमिळ चालेल म्हटलंय. देव पावला.

२३ जुलै, मंगळवार

आज सहा वेळा सेल्वीची गोष्ट पाठ म्हटली. सहाव्या वेळी अशी गुळगुळीत झाली, की मलाच ती दुसऱ्या कुणाची वाटली.

वहीत तरी खरं लिहावं. फोन तिच्या भावाने केला होता, नाचिमुत्तुने. कोडुमुडीजवळचं त्यांचं गाव, तिथल्या रेशन दुकानातून. त्याने बापाचं पूर्ण नाव सांगितलं होतं, मारप्पन. मी ते नीट ऐकलं आणि चिठ्ठीवर लिहिताना सवयीने एम केलं. मारप्पन लिहिलं असतं तर वाटेत कुणीतरी थांबलं असतं. पहिला फोन दहाच्या सुमाराला, दुसरा अकराला. तिसरा दुपारी आला तेव्हा मी त्याला सांगितलं, निघाली ती, बाराच्या बसने. पास दिला होता ना मी.

चौथ्या दिवशी मारप्पनच्या सेल्वीला चुलतभावाकडून कळलं. ती ऑफिसात आली आणि विचारलं, "अक्का, माझ्या घरून फोन आला होता का?" तोवर शेंगांच्या सेल्वीवरून घोळ माझ्या लक्षात आला होता आणि आमचे मॅनेजर मला आत बोलावून सांगून चुकले होते, की असा फोन आलाच नव्हता. युनियनवाल्यांच्या कानावर गेलं तर गिरणीला भारी पडेल. निरोपाच्या वहीतलं ते पान त्यांनी माझ्यासमोर फाडून उदबत्तीवर धरलं.

मी सेल्वीला म्हटलं, "नाही गं कण्णा. नाही आला."

हे याळिनीला सांगितलेलं नाही.

२४ जुलै, बुधवार

कुणाचं दुःख मुलाखतीत सांगायचं तर त्या माणसाला विचारायला नको का? याळिनी म्हणते नाव बदल, झालं. पण मला वाटतं जाऊन यावं. पत्ता वाइंडिंगच्या जुन्या मेस्त्रीणबाईंनी दिला. सेल्वी आता पल्लडमला असते, इडलीचं पीठ दळून विकते.

२५ जुलै, गुरुवार

गेले. बाजारामागच्या गल्लीत तिचं दुकान, दारात दोन ग्राइंडर गरगरतायत. मला बघून हातातली पिशवी खाली ठेवली, ओले हात लुगड्याला पुसले आणि वाकून पाया पडली. मी "राहू दे, राहू दे" म्हणेपर्यंत झालंही.

"अक्का! किती बारीक झालात. गिरणी बंद झाली तर जेवण पण बंद केलंत का?"

चौतिशीची झाली असेल. पुढचे केस पांढरे. नवरा ट्रकवर असतो, मूल नाही. तिने मला स्टुलावर बसवून तीन डोसे घातले. चौथा घालायला लागली तेव्हा ताट झाकलं.

मी म्हटलं, एका नव्या कंपनीत मुलाखत आहे, भाची याळिनी तयारी करून घेते. तुझ्या वेळी तो जो घोळ झाला, दोन सेल्वींचा, त्याबद्दल सांगू का? नाव नाही घेणार.

"सांगा की. नाव घेऊन सांगा." ग्राइंडर बंद केला तिने. "अक्का, तुमचं तेव्हा काय चुकलं? चिठ्ठी दुसऱ्या सेल्वीची होती, तिच्या घरचा काहीतरी गोंधळ. माझ्या घरून फोनच आला नव्हता. तुम्ही सरळ तोंडावर सांगितलंत म्हणून मला कळलं तरी. माझा भाऊ डोळ्यांत बघून खोटं बोलला, तीनदा फोन केला म्हणे."

मी डोशाच्या ताटाकडे बघत होते.

"वर मलाच विचारतो, तीन दिवस कुठे होतीस? सगळ्या गावासमोर. कुठे होतीस, कुणाबरोबर होतीस. मी म्हटलं, अक्का खोटं बोलणार नाही, तूच खोटारडा. अप्पाच्या तोंडात तांदूळ घालायला पण मिळाले नाहीत मला. त्यानंतर त्याच्या दारात पाय ठेवला नाही. नऊ वर्षं झाली."

मी काय बोलायला हवं होतं ते मला माहीत होतं. तरी उठून हात धुतले. निघताना तिने दोन किलो पीठ बांधून दिलं, "याळिनीला द्या, शहरातल्या पोरींना दळायला कुठे वेळ." बसमध्ये ते पीठ मांडीवर घेऊन बसले. उन्हाने फुगून पिशवी गरम झाली होती.

परवानगी मिळाली, असं याळिनीला सांगितलं.

२६ जुलै, शुक्रवार

इडल्या चांगल्या झाल्या. याळिनीने सात खाल्ल्या. मला एकही गेली नाही.

सारखं एकच मनात येतं. नाचिमुत्तुने तिला कुठे होतीस असं का विचारावं? बाप गेल्याच्या दुःखात माणूस काहीही बोलतो, हे खरं. पण कुणाबरोबर होतीस, हे जरा जास्तच. तापट असेल स्वभाव.

२८ जुलै, रविवार

निळी कांची साडी काढली. याळिनी म्हणते काठ फार मोठा आहे, लग्नाला चाललीस असं वाटेल. शेवटी राखाडी सुती ठरली.

रात्रीच्या सरावाला नाही म्हटलं. सगळं पाठ आहे.

३० जुलै, मंगळवार

झालं. चप्पल काढली नाही.

समोर दोघं. विश्वनादन सर, माझ्या भावाच्या मुलाएवढे असतील, आवाज अगदी मऊ. शेजारी बंगळुरूहून आलेल्या मॅडम, त्या फक्त लिहीत होत्या. आधी कायदे विचारले, रजा, प्रसूतीची सुट्टी, तक्रार समिती. भराभरा सांगितलं. मग सर म्हणाले, "आता ती चूक."

मी सुरुवात केली याळिनीने शिकवलं तसंच. दोन सेल्वी, एक चिठ्ठी. हजेरी क्रमांकापर्यंत आले आणि थांबायचं होतं. थांबताच येईना. उतारावर गाडीचा ब्रेक सुटावा तसं झालं. मी म्हटलं, सर, चूक ही नाही. चूक नंतरची. मुलगी विचारायला आली आणि मी तिला फोन आला नाही असं सांगितलं. तिने भावाशी बोलणं सोडलं. अजून माझ्या पाया पडते ती.

मॅडम लिहायच्या थांबल्या. मला वाटलं, आता पाणी देतील आणि रस्ता दाखवतील.

विश्वनादन सर पुढे झुकले. म्हणाले, "कनकवल्ली मॅडम, तुम्ही याला चूक म्हणताय म्हणजे तुम्ही मनाने फार चांगल्या आहात. पण त्या क्षणी तुम्ही तेच केलंत जे जबाबदार माणसाने करायला हवं. कामगारासमोर संस्थेची चूक कबूल केली नाहीत. वर त्या मुलीचा तुमच्यावरचा विश्वासही टिकवलात. हे शिकवून येत नाही. आम्हाला इथे असंच कुणीतरी हवंय. उद्या दोन-तीनशे पोरींना घरी पाठवायची वेळ आली तर आरडाओरडा न होता पाठवणारं."

मॅडमनी हसून मान हलवली.

मीही हलवली.

का हलवली ते मला सांगता येत नाही. सव्वीस वर्षांची सवय असेल, साहेब बोलले की मान हलवायची. किंवा नोकरी हवी होती. खरं म्हणजे नोकरी हवी होती.

याळिनीने जिलबी आणून ठेवली होती. "कशी झाली?" "चांगली झाली," म्हटलं. ते खोटं नव्हतं.

३१ जुलै, बुधवार, आडी अमावस्या

सकाळच्या पहिल्या बसने पल्लडमला गेले. सेल्वीचं दुकान बंद, अमावस्येला ती दळत नाही. दाराशी बसून ग्राइंडरचा दगड धूत होती. मी पायरीवरच बसले आणि बसल्याबरोबर सांगून टाकलं. फोन आला होता. तीनदा आला होता. तुझ्याच भावाचा.

तिने वर बघितलं नाही. दगड धूतच राहिली. पाणी निवळ झालं तरी ओतत होती. मग म्हणाली, "मी विचारायला आले तेव्हा तुम्ही माझ्या डोक्यावरून हात फिरवला होता."

"हो."

"तो हात नसता फिरवला तर मला संशय आला असता."

ती उठली, दाराला कडी घातली. "चला."

"कुठे?"

"पितरांची अमावस्या आहे. अण्णा नदीवर अप्पाचं पाणी सोडून आतापर्यंत घरी आला असेल. मी सांगून त्याला पटणार नाही. कागद आहे का तुमच्याकडे?"

"जाळला."

"मग तुम्हीच या."

बसमध्ये ती खिडकीशी, मी शेजारी. ईरोडला बस बदलली. कोडुमुडीला उतरून गावाच्या मिनीबसमध्ये चढताना तिने माझा हात धरला, म्हातारीला धरतात तसा, आणि चढल्यावर लगेच सोडला.

आम्ही पोचलो तेव्हा दुपार टळली होती. कठड्यावर केळीचं पान उष्टं पडलेलं, कावळा केव्हाच जेवून गेला होता. माणसांची जेवणं उरकली होती. नाचिमुत्तु ओसरीवर पाठ टेकून बसला होता, कपाळाला विभूती. बहिणीला अंगणात बघून उठला नाही. त्याची बायको आतून आली, आमच्याकडे बघितलं आणि दारातच उभी राहिली.

"हे कोण?" त्याने विचारलं. बहिणीला नाही, हवेला.

"मी लेबर ऑफिसची कनकवल्ली. तुमचा फोन मीच घेतला होता."

उभ्यानेच सांगितलं सगळं. चिठ्ठी, एम, मॅनेजर, उदबत्ती. तो ऐकत होता. मग फार हळू म्हणाला, "तिसऱ्या फोनला तुम्ही म्हणालात, बाराच्या बसने निघाली."

"हो. दुसरी सेल्वी निघाली होती."

"मला काय माहीत दुसरी. मला तुम्ही सांगितलंत, निघाली. बाराला निघाली तर पाचला पोचायला हवी. अप्पा दोनला गेले. मी कुणाला हात लावू दिला नाही. माझी बहीण वाटेत आहे म्हटलं, ती तोंडात तांदूळ घालेल तेव्हाच उचलायचं. दिवस मावळला. वास यायला लागला. गावातली माणसं ओरडायला लागली. तरी मी प्रत्येक बसला रस्त्यावर जाऊन उभा." तो थांबला. "बाराला गिरणीतून निघालेली पोर तीन दिवसांनी घरी येते. गाव काय म्हणेल? मी काय समजू?"

म्हणून विचारलं होतं त्याने. कुठे होतीस, कुणाबरोबर होतीस. नऊ वर्षं मला वाटत होतं मी एकच खोटं बोलले. एक बहिणीला सांगितलं ते मला माहीत होतं. भावाला सांगितलेलं मी खोट्यात कधी धरलंच नव्हतं, कारण ते सांगताना मला ते खरंच वाटत होतं.

सेल्वी तिथेच अंगणात खाली बसली. रडली नाही. मातीवर बोटाने काहीतरी ओढत राहिली. भाऊ तिच्याकडे बघेना, ती भावाकडे बघेना. तेवढ्यात माझ्या पिशवीतला फोन वाजायला लागला.

मी बंद करायला गेले.

"घ्या," नाचिमुत्तु म्हणाला. "कुणाचा तरी निरोप असेल."

घेतला. विश्वनादन सर. "अभिनंदन मॅडम. काल सगळ्यांना तुम्ही फार आवडलात. सोमवारी रुजू व्हा." तिथली तिघं माझ्या तोंडाकडे बघत होती, कुणाचं काय झालं असं.

मी म्हटलं, "सर, काल मी मान हलवली ती चुकून हलवली. कुणाचा निरोप आला असेल तर मी आलाय असंच सांगीन. कंपनीला जड गेलं तरी. तसं चालणार असेल तर सोमवारी येते."

पलीकडून तोच मऊ आवाज, "मॅडम, कालच्या उत्तरावरच तर..." आणि मग, "बरं. मी कळवतो."

"कुणाचा होता?" नाचिमुत्तुने विचारलं.

"नोकरीचा."

"मिळाली?"

"नाही बहुतेक."

त्याने मान हलवली. मग बहिणीकडे न बघताच म्हणाला, "सेल्वी, त्यांना पान वाढ." एवढं बोलून पंचा खांद्यावर टाकला आणि बाहेर निघून गेला.

सेल्वी उठली, आत गेली. नऊ वर्षांत स्वयंपाकघर या भिंतीवरून त्या भिंतीवर गेलं होतं. पळी कुठे ठेवतात ते तिला माहीत नव्हतं. वहिनी दारातून नुसती बघत होती. मग तिने बोटाने फळी दाखवली.

सेल्वीने मला वाढलं. माझ्याकडे बघितलं नाही. मी पानावरचं सगळं खाल्लं. टाकायचा मला काय अधिकार.

तिला तिथेच सोडून एकटी परत आले.

५ ऑगस्ट, सोमवार

आज रुजू व्हायचं होतं. याळिनीला सगळं सांगितलं. ती चिडली, "दोन महिने थांबून सांगायचंस ना पेरिम्मा, आधी नोकरी पक्की करून." मग उठून माझ्या वाटचीही भांडी घासली.

सेल्वीला दोनदा फोन केला. उचलत नाही. तिच्या शेजारणीने सांगितलं, दुसऱ्याच दिवशी पल्लडमला परत आली, दळण सुरू आहे. भाऊ काही बोलला का, ते शेजारणीला काय माहीत.

कंपनीचा फोन नाही. येणार नाही हे कळतं मला. तरी चार्ज करून उंबऱ्याशी ठेवलाय आणि त्याच्याजवळ बसलेय. प्रत्येक बसला उठून रस्त्यावर जाणं म्हणजे काय असेल, त्याचा विचार करतेय. दिवस मावळायला अजून वेळ आहे.